चालायचा कंटाळा येतो? मग आपला खेळ शोधा

"डॉक्टर, चालायचा फार कंटाळा येतो हो. दुसरं काही चालेल का?" हा प्रश्न मला दवाखान्यात आठवड्यातून निदान चार-पाच वेळा ऐकायला मिळतो. विचारणाऱ्याचा आवाज जरा अपराधी असतो. मधुमेह किंवा रक्तदाब नुकताच सापडलेला असतो, चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली 'रोज ४० मिनिटे चालणे' असे लिहिलेले असते, नवे बूट घेऊन झालेले असतात आणि तिसऱ्या आठवड्यात ते बूट दाराआड जाऊन बसलेले असतात. मग तपासणीची तारीख जवळ आली की दोन दिवस घाईघाईने चालणे होते. पण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी दोन दिवसांच्या चालण्याला भुलत नाही.

या प्रश्नाचे उत्तर 'हो, चालेल' असे आहे. किंबहुना ज्याला चालण्याचा मनापासून कंटाळा आहे, त्याने दुसरे काही शोधलेच पाहिजे. त्याचे कारण समजून घेऊ. आपण हालचाल करू लागलो की स्नायू रक्तातली साखर आत ओढून घेतात. एरवी या कामासाठी इन्सुलिन लागते. काम करणारा स्नायू मात्र इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर घेतो. व्यायाम थांबल्यावरही स्नायूंची ही भूक साधारण एक ते दोन दिवस टिकते आणि मग ओसरते. म्हणूनच मधुमेह असणाऱ्याने लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये. रक्तदाबाचेही तसेच. गेल्या वर्षी केलेल्या व्यायामाची शिल्लक यंदा खात्यावर राहत नाही. पन्नाशीत साखर सापडलेल्या माणसाला पुढची वीस-पंचवीस वर्षे हे करायचे असते, आणि एवढी वर्षे नुसत्या निर्धारावर निघत नाहीत. गोडी लागावी लागते.

आपल्याकडे ही गोडी किती कमी आहे याचा एक पुरावा देतो. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील चौदा हजारांहून अधिक लोक तिच्यात होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले. मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा. फावल्या वेळात, स्वतःच्या आनंदासाठी शरीर हलवणारे लोक १० टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे आपण हलतो ते कामापुरते. काम बैठे झाले की हलणे संपले.

याला आपली एक समजूतही कारणीभूत आहे. खेळ हा पोरांचा, मोठ्यांनी करायचा तो व्यायाम. चाळिशीचा गृहस्थ गल्लीत मुलांबरोबर लगोरी खेळला, तर आजूबाजूचे हसतात. तोच गृहस्थ तोंड कडू करून मैदानाला फेऱ्या मारू लागला की त्याचे कौतुक होते. बायकांच्या बाबतीत तर विचारूच नका. आणि ज्यांनी खेळायचे त्या पोरांचा पीटीचा तास दहावीत गणिताला दिला जातो, तो भाग वेगळाच.

येथे दोन आक्षेप हमखास येतात. पहिला शेतकऱ्यांचा. "आम्ही दिवसभर रानात राबतो, आम्हाला कशाला खेळ?" त्यांचे म्हणणे बरोबर आहे. उसाची तोडणी करणाऱ्या किंवा भांगलण करणाऱ्या माणसाला मी कधीही 'चाला' असे सांगत नाही. त्याला सांगायचे असते ते कंबर आणि गुडघे जपायला. मात्र ज्यांची शेती आता ट्रॅक्टरवर आणि ये-जा मोटरसायकलवर आहे, त्यांनी स्वतःला या गटात धरू नये. दुसरा आक्षेप गृहिणींचा. "दिवसभर घरात नाचतेच की!" घरकामाने माणूस थकतो हे खरे, पण ते तुटक असते. दोन मिनिटे ओट्यापाशी, पाच मिनिटे कपड्यांपाशी. छातीचे ठोके वाढून काही काळ तसेच राहावेत, असे त्यात फारसे घडत नाही. थकवा आणि व्यायाम या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

इंग्लंडमधले डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरील ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत असल्याचे तिच्यात दिसले. (आपल्या एसटीला वरचा मजला नाही, पण भरलेल्या गाडीतून तिकिटे फाडत मागच्या दारापर्यंत जाणाऱ्या कंडक्टरला जे घडते, तेही काही कमी नाही.) पुढे मॉरिस यांच्याच चमूने गणवेशांची मापे काढली, तेव्हा ड्रायव्हर मुळात नोकरीला लागतानाच कमरेने जाड होते असे आढळले. म्हणजे सगळा फरक जिन्यांचा नव्हता. मग त्यांनी बैठे काम करणाऱ्या सरकारी नोकरांकडे मोर्चा वळवला. १९७३ साली जे निष्कर्ष आले त्यांत फावल्या वेळी जोमाने शरीर वापरणाऱ्यांना हृदयविकार कमी होत असल्याचे दिसले. त्यांत खेळणारेही होते आणि बागेत कुदळ मारणारेही. कचेरीत आठ तास बसणाऱ्या वाचकांनी यातला दिलासा घ्यावा.

आता मुख्य मुद्दा. आपला खेळ शोधायचा कसा? मी रुग्णाला पहिला प्रश्न विचारतो, तो आजाराचा नसतो. "वयाच्या बारा-चौदा वर्षांपर्यंत काय खेळायचात?"

एक शिक्षिका माझ्याकडे येतात. वय ४८, वजन ७६ किलो, गुडघे कुरकुरणारे, साखर काठावरची. एकटीने रस्त्याने चालायचा त्यांना संकोच वाटे, शिवाय पहाटे पेठेतली कुत्री. त्यांना हा प्रश्न विचारला तेव्हा त्या आधी हसल्या. म्हणाल्या, "खेळ कसले डॉक्टर! आम्हा मुलींना लंगडी नि सागरगोटे. पण मंगळागौरीला माझ्यासारखी फुगडी कुणाची नसायची."

"बाई, मग तेच करा," मी म्हटले. त्यांना थट्टा वाटली. पण त्यांच्या मागच्याच आळीत बायकांचा एक मंगळागौरीचा गट होता. श्रावणात कार्यक्रम करायचे म्हणून हा गट वर्षभर आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव करतो. बाई तिथे जाऊ लागल्या. सहा महिन्यांनी वजन चार किलोंनी उतरले होते. मला त्याहून मोलाचा वाटला तो निराळा आकडा. सहा महिन्यांत त्यांचे खाडे जेमतेम सात होते, आणि त्यांतले दोन परीक्षेच्या पेपर तपासणीचे. चालण्याच्या वेळी हेच खाडे महिन्यात वीस असत.

वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर झिम्मा आणि पिंगा हे अगदी चांगले व्यायाम आहेत. टाळ्यांच्या ठेक्यावर पाय सतत चालतात, श्वास वाढतो, तोल सांभाळावा लागतो आणि पायांच्या हाडांवर शरीराचा भार पडतो. पाळी थांबल्यानंतर बायकांची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात. त्या वयात हाडांवर भार टाकणाऱ्या हालचालींची विशेष गरज असते. पोहणे आणि सायकल यांचे इतर फायदे पुष्कळ, पण हाडांच्या बळकटीला त्यांचा फारसा उपयोग नाही. बाईंना मी एवढेच बजावले की उकिडवे बसून मारायची फुगडी आणि कोंबडा हे दोन प्रकार गुडघ्यांसाठी नकोत, आणि चक्कर येण्याची खोड असलेल्या मैत्रिणींनी उभी फुगडी सांभाळून घालावी.

दुसरे उदाहरण किराणा दुकानदाराचे. सकाळी आठला गादीवर बसायचे, रात्री नवाला उठायचे. घरच्यांनी हौसेने ट्रेडमिल आणून दिली; तिच्यावर आता टॉवेल वाळत असतात. "शेठ, लहानपणी काय खेळायचात?" यावर त्यांचा चेहराच बदलला. कृष्णाकाठचे गाव, पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललेले, नंतर थारोळ्यावरून मारलेले सूर. दहा मिनिटे ते विहिरीबद्दलच बोलत होते आणि बाहेर रुग्ण खोळंबले होते. आता ते सकाळी सहाला तलावावर जातात. सुरुवातीला एका लांबीत धाप लागे. पाण्यात शरीराचे वजन गुडघ्यांवर येत नाही, त्यामुळे जाड माणसाला हा खेळ सोसतो. त्यांना पोहण्याइतकाच तिथल्या चार मित्रांचा आणि नंतरच्या चहाचा ओढा आहे, हे मला ठाऊक आहे. चहा बिनसाखरेचा असतो असे ते सांगतात. (फिट येणाऱ्यांनी किंवा कानाच्या पडद्याला छिद्र असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून पाण्यात उतरू नये. आणि कितीही पट्टीचा पोहणारा असला तरी त्याने विहिरीत किंवा नदीत एकट्याने उतरू नये.)

दुसरा प्रश्न विचारायचा तो सोबतीचा. काहींना चार माणसे लागतात, काहींना माणसांपासून सुटका हवी असते. वारी आठवा. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून लोणंद, तरडगाव, फलटण अशी जाते. "डॉक्टर, अर्धा किलोमीटरही चालवत नाही" असे मला वैशाखात सांगणारे काका आषाढात तिच्याबरोबर रोज पंधरा-वीस किलोमीटर चालत असतात. पाय तेच, गुडघे तेच. श्रद्धेचा भाग आहेच, पण सोबत आहे, ताल आहे आणि पोहोचायचे ठिकाण आहे. घरी परतल्यावर याच काकांना कॉलनीच्या मोकळ्या रस्त्यावर एकट्याने फेऱ्या मारायला सांगितले की ते हमखास कंटाळणार. त्यांना भजनी मंडळातल्या दोघांना बरोबर घेऊन एखाद्या देवळापर्यंत चालत जायला सांगितले, तर ते जातात. कंटाळा चालण्याचा नसून फेऱ्यांचा असतो.

याउलट दिवसभर लोकांशी बोलून डोके उठलेला मनुष्य असतो. वकील, बँकेच्या काउंटरवरचे, आम्ही डॉक्टर. त्यांना चार भिंतीचा किंवा अजिंक्यताऱ्याचा चढ एकट्याने चढणे, सायकल, किंवा घरात सूर्यनमस्कार बरे वाटतात. सूर्यनमस्कारांचा तर आपल्या जिल्ह्याला वारसाच आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले आणि त्यांचा देशाबाहेरही प्रसार केला. काहींना बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस अशी संख्या वाढवण्यात रस वाटतो. ज्याला आकड्यांची आवड आहे त्याने ते जरूर करावेत. पण रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, तर डोके खाली जाणारे प्रकार डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच करावेत. किल्ला चढणाऱ्यांनाही एक सांगणे. गुडघ्याच्या वाटीवर जास्त ताण पडतो तो उतरताना. चढताना दम लागेल, पण दुखणे देतो तो उतार. काठी घ्यावी, हळू उतरावे.

काहींना हारजीत लागते. मी त्यांतला. मिरजेला शिकत असताना वसतिगृहात टेबल टेनिसचा नाद लागला तो अजून आहे. आठवड्यातून चार संध्याकाळी मी खेळतो आणि हरलो तर त्या रात्री नीट जेवत नाही, अशी घरी तक्रार आहे. हारजीतवाल्यांसाठी बॅडमिंटन उत्तम. इंग्रजांच्या काळात हा खेळ पुण्यात इतका खेळला जाई की त्याला 'पूना' असेच नाव पडले होते. डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात साडेआठ हजारांवर लोकांवर सुमारे पंचवीस वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. बैठ्या लोकांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचे आयुर्मान ९.७ वर्षांनी, बॅडमिंटनवाल्यांचे ६.२, फुटबॉलवाल्यांचे ४.७, सायकलवाल्यांचे ३.७, पोहणाऱ्यांचे ३.४ आणि व्यायामशाळेत जाणाऱ्यांचे १.५ वर्षांनी जास्त आढळले. हे आकडे वाचून कोणी लगेच टेनिसची रॅकेट घ्यायला धावू नये. टेनिस खेळणारा मुळातच खाऊनपिऊन सुखी असण्याचा संभव असतो, त्यामुळे सगळे श्रेय खेळाला देता येत नाही. पण यादीच्या वरच्या टोकाला जोडीदार लागणारे खेळ आहेत, हे मला योगायोगाचे वाटत नाही. जोडीदार वाट पाहत असला की घरी बसणे अवघड होते.

शेवटचा प्रश्न अगदी साधा. घरापासून दहा-पंधरा मिनिटांत काय आहे? तालुक्याच्या गावी बॅडमिंटनचा हॉल नसेल, पण शाळेचे मैदान असते आणि तिथे संध्याकाळी व्हॉलीबॉल चालू असतो. ज्या खेळासाठी रिक्षा करावी लागते तो खेळ फार दिवस टिकत नाही.

आता किती खेळायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण प्रौढांसाठी असे आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोराची हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराची. त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारे व्यायाम. पासष्टीच्या पुढे तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस. सलग दहा मिनिटे तरी केलेच पाहिजे, ही पूर्वीची अट आता उरलेली नाही; पाच-पाच मिनिटांचे तुकडेही धरले जातात. मध्यम जोर म्हणजे काय, याची खूण सोपी आहे. खेळताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम. चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो, तो जोराचा.

ही खूण गोडी लागण्यासाठीही कामाची आहे. नवशिका माणूस पहिल्याच दिवशी धाप लागेपर्यंत धावतो. त्या वेगाला बहुतेकांच्या शरीराला नकोसे वाटते, आणि मग 'मला धावणे आवडत नाही' असा निकाल दिला जातो. पहिला महिना बोलता येईल एवढ्याच जोरात करावे. अंग दुखणे पहिले काही दिवस असतेच. कोणताही खेळ निदान चार आठवडे केल्यावाचून नापास करू नये. ज्यांत आधी कौशल्य लागते, जसे पोहणे किंवा बॅडमिंटन, त्यांना दोन-तीन महिने द्यावेत, कारण शटल रॅकेटला लागू लागेपर्यंत मजा येतच नाही. त्यानंतरही संध्याकाळ झाली की मन तिकडे ओढ घेत नसेल, तर खुशाल सोडून द्यावे आणि दुसरे पाहावे. सोडणे म्हणजे हरणे असे कुणी मानू नये. एका निवृत्त तलाठ्यांनी चालणे, योगवर्ग आणि सायकल असे तिन्ही सोडून शेवटी नातवाबरोबर रोज क्रिकेट धरले आहे. गोलंदाजी नातू करतो, चेंडू आणायला आजोबा पळतात. साखर उत्तम आहे.

सुरुवात करण्यापूर्वी काही गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. चाळिशी उलटलेली असून मधुमेह, रक्तदाब, तंबाखू-विडीची सवय किंवा घरात कमी वयात हृदयविकार असा इतिहास असेल, तर जोराचा खेळ सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून वर असेल, तर आधी तो खाली आणावा. वर्षभर खुर्चीत बसून २६ जानेवारीच्या कर्मचारी सामन्यात एकदम जोरात धाव घेणारे लोक दरवर्षी माझ्याकडे येतात. टाचेमागची जाड शीर तुटलेली असते. एखाद्याच्या बाबतीत प्रकरण छातीवर गेलेले असते. खेळताना छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात भरून येणे, घाम सुटून अंधारी येणे यांपैकी काहीही झाले तर डाव अर्ध्यावर सोडून बसावे, एकट्याने गाडी चालवत घरी जाऊ नये, सरळ रुग्णालय गाठावे. 'पित्त असेल' म्हणून सोडा पिऊन वेळ काढू नये.

इन्सुलिन घेणाऱ्यांची आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर खेळताना किंवा खेळानंतर काही तासांनी उतरू शकते. उपाशीपोटी खेळू नये. खिशात तीन चहाचे चमचे साखरेची पुडी ठेवावी. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, एकाएकी भूक किंवा गोंधळल्यासारखे वाटले की ती खावी आणि पंधरा मिनिटे बसावे. बरोबरच्या खेळाडूंना आपल्याला मधुमेह आहे हे सांगून ठेवावे; त्यात लाजण्यासारखे काही नाही. तळपायांच्या संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी खेळू नये, सकाळच्या दवात गवतावर अनवाणी चालण्याची हौस तर मुळीच करू नये. खेळून आल्यावर तळपाय आरशात पाहावेत. फोड दिसला तर तो बरा होईपर्यंत पायांचा खेळ बंद.

राहिला प्रश्न पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम भागात बाहेर पडणे मुश्कील होते, आणि एकदा तुटलेली सवय दिवाळीपर्यंत जुळत नाही. म्हणून प्रत्येकाने छपराखालचा एक दुसरा खेळ आधीच ठरवून ठेवावा. घरातल्या घरात सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या (गुडघे धड असतील तर), समाजमंदिरातले टेबल टेनिस, किंवा वर सांगितलेला झिम्मा. श्रावण तर पावसातच येतो. ओले बूट दुसऱ्या दिवशी तसेच चढवू नयेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. तिथे झालेला चिखल्यांचा त्रास मधुमेहात लवकर हटत नाही.